मोन्सिन्योर आणि चौदावा प्रश्न

पोप कधीच चुकत नाहीत, असं लोकांना वाटतं. खरं तर ते बहुतेक वेळा खुशाल चुकू शकतात, आणि ही गोष्ट साऱ्या रोममध्ये सगळ्यांत बारकाईने कुणाला माहीत असेल, तर आमच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू मोन्सिन्योर एलिजिओ यांना. त्यांनी यावर चारशे बारा पानांचा प्रबंध लिहिलाय. पोप नेमके कधी चुकत नाहीत, कुठल्या विषयात चुकत नाहीत, कुणाला उद्देशून बोलले तर चुकत नाहीत, आणि उरलेल्या आयुष्यात ते कसे तुमच्याआमच्यासारखेच असतात, सगळं त्यात आहे. प्रबंध आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, वाचनालयात आहे. मी तो काढला तेव्हा पानं कडेला अजून जोडलेलीच होती, म्हणजे छापून आल्या दिवसापासून कुणी तो उघडलाच नव्हता. मी घरून चीज कापायची सुरी नेऊन पानं मोकळी केली. त्यामुळे हा विषय नीट कळणारी माणसं आता आमच्या बोर्गो भागात दोन झाली. एक मोन्सिन्योर आणि दुसरी मी, दोमितिल्ला, वय सोळा, सगळे मिल्ला म्हणतात.

एवढा उद्योग मी हौसेने केला नाही. केला तो सिस्टर ऑर्तेन्सियांसाठी.

सिस्टर आमच्या पॅरिशमध्ये एक्कावन्न वर्षं पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण देतायत. वय एकोणऐंशी, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आवाज नदीपलीकडे पोचेल असा. त्यांनी मला शिकवलं, माझ्या आईलाही शिकवलं, आणि दोघींना एकाच वाक्यावर अडखळताना एकाच कानाला धरलं. गेल्या वर्षी माझं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करायचा विधी, झालं आणि मी त्यांची मदतनीस झाले. मदतनीस म्हणजे शनिवारी चार वाजता अकरा मुलांची अकरा निळी जॅकेटं गोळा करायची आणि पाच वाजता ज्याचं त्याला परत द्यायची. हे काम धर्मशास्त्रापेक्षा अवघड आहे.

मोन्सिन्योर वर्षापूर्वी आले. त्यांना सगळ्यात चैतन्य आणायचं होतं. आधी नोटीस बोर्डात आणलं, मग फुलदाण्यांत आणलं, आणि ऑक्टोबरात त्यांची नजर धर्मशिक्षणाकडे वळली. पालकसभेत त्यांनी जाहीर केलं की नाताळाआधी तिन्ही गटांची लेखी स्पर्धा होईल, आणि ज्या गटाची सरासरी सगळ्यांत कमी येईल, त्या शिक्षकाला 'आपण कृतज्ञतेने विश्रांती देऊ.' हे वाक्य म्हणताना ते इतके गोड हसले की दोन आयांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीच्या दोन गटांना विश्रांतीची भीती नव्हती. एक गट दोत्तोर मांचिनेल्लींचा. त्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे आणि बोलायला विषय म्हणून बँकेतला जावईही आहे. दुसरा सिन्योरा ओर्नेल्लाचा. तिला विश्रांती दिली असती तर शनिवारी वर्गाऐवजी ती पार्लरमध्ये जाऊन केस करून आली असती. सिस्टरांची गोष्ट वेगळी. ज्या सिस्टरला काम उरत नाही तिला त्यांचा संघ रोममध्ये ठेवत नाही, व्हितेर्बोच्या डोंगरातल्या घरी पाठवतो. तिथे नऊ सिस्टर राहतात, आणि त्यातल्या आठ जणी रोज सकाळी विचारतात, ही नववी कोण.

"जायची वेळ आली तर जाईन," सिस्टर मला म्हणाल्या होत्या. "पण मला जायचं नाही, मिल्ला. हे देवालाही सांगून ठेवलंय, म्हणजे नंतर त्याला माहीत नव्हतं असं व्हायला नको."

आता चौदाव्या प्रश्नाचं. आठ डिसेंबरला आपण निष्कलंक गर्भसंभवाचा सण करतो. शाळेला सुट्टी असते, घरोघर नाताळाचं झाड बाहेर निघतं, आणि हा सण नक्की कशाचा हे शंभरातल्या नव्वद कॅथलिकांना सांगता येत नाही. सगळ्यांना वाटतं, येशू मारियेच्या पोटी आला तो हा दिवस. तसं नाही. मारिया स्वतः तिच्या आईच्या पोटी आली, आणि आदामापासून सगळ्यांना लागतो तो आदिपापाचा डाग न लागता आली, तो हा दिवस. अठराशे चोपन्न साली पोपनी हे श्रद्धासत्य म्हणून घोषित केलं. चुकायची शक्यताच नाही अशा रीतीने पोप आजवर दोनतीनदाच काय ते बोललेत, त्यातलं हे एक. ज्याने सांगितलं तो चुकू शकत नव्हता. ऐकणाऱ्यांनी मात्र तेव्हापासून चुकायचा एक दिवस सोडला नाही.

सिस्टर हे कॅलेंडरवर शिकवतात. "बोटं वर करा. आठ डिसेंबर ते आठ सप्टेंबर, महिने किती?" नऊ. "आठ सप्टेंबरला वाढदिवस कुणाचा?" मारियेचा. "आणि आठ डिसेंबर ते पंचवीस डिसेंबर?" सतरा दिवस. "सतरा दिवसांत बाळ होतं का?" यावर आमची निव्हेस, वय नऊ, म्हणाली, "हॅमस्टरला होतं, सिस्टर." सिस्टरांनी तिला गप्प बसवलं नाही. "मग हॅमस्टरच्या चर्चमध्ये चालेल," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या दिवसानंतर त्या अकरांपैकी एकही जण हा प्रश्न मरेपर्यंत चुकणार नाही.

स्पर्धा झाली नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, पॅरिशच्या सभागृहात. वीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, चौकोनात फुली मारायची. पेपर तपासायला मदतनीस म्हणून मी. मोन्सिन्योरांनी उत्तरतालिका चक्क लाखेची मोहर लावलेल्या पाकिटातून काढली. वीस फुल्यांसाठी लाख.

मी तपासत गेले. चौदावा प्रश्न: निष्कलंक गर्भसंभव म्हणजे काय? सिस्टरांच्या अकराच्या अकरा मुलांनी 'अ' वर फुली मारली होती, मारिया आदिपापाविना गर्भात आली. बाकीच्या तेवीस जणांनी झाडून 'ब', मारियेच्या पोटी येशू आला. उत्तरतालिकेत 'ब'.

मी उत्तरतालिका उलटी करून पाहिली, मागे काही लिहिलंय का म्हणून. मागे काही नव्हतं.

"मोन्सिन्योर, चौदावं चुकलंय."

"कुणाचं?"

"तुमचं."

त्यांनी कागद घेतला. चारशे बारा पानं लिहिलेल्या माणसाला हे कळायला दोन सेकंद लागले. आधी कान लाल झाले, मग मान, पाद्र्यांची पांढरी पट्टी असते तिथपर्यंत. घाईत फुली एक चौकोन खाली पडली असणार. कुणाचीही पडते. मला वाटलं, आता ते पेन काढतील, 'अरेच्चा' म्हणतील, आणि गोष्ट संपेल. त्यांनी पेन खिशातून काढलं, टोपण उघडलं, आणि पुन्हा लावून परत ठेवलं.

"दिलेल्या उत्तरतालिकेप्रमाणे तपासा, सिन्योरीना."

"पण बरोबर उत्तर 'अ' आहे."

"पालक थांबलेत. पानेत्तोने कापायचाय."

तर पानेत्तोनेच्या, म्हणजे नाताळच्या त्या केकच्या, तब्येतीसाठी सिस्टरांचा गट शेवटचा आला. दोत्तोर मांचिनेल्लींची सरासरी सतरा पूर्णांक नऊ, ओर्नेल्लाची सतरा पूर्णांक पाच, आमची सतरा पूर्णांक तीन. चौदाव्याचा निकाल नीट लावला असता तर आम्ही अठराच्या वर जाऊन पहिले, आणि ते दोघं सोळावर. मोन्सिन्योरांनी माइकवरून सिस्टरांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल चार सुंदर वाक्यं म्हटली. सहा जानेवारीचा सण झाला की त्या व्हितेर्बोला जातील, तिथली हवा फार चांगली आहे, असं पाचवं वाक्य होतं. सिस्टर पहिल्या रांगेत बसून जिंकलेल्या गटासाठी टाळ्या वाजवत होत्या. निव्हेस मला विचारत होती, "आपण ढ आहोत का?" मी म्हटलं, "आपण नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सिस्टरांच्या मठात गेले. त्या स्वयंपाकघरात पुंतारेल्ले साफ करत बसल्या होत्या. ती भाजी बारीक चिरून गार पाण्यात टाकली की आपोआप कुरळी होते आणि कडूपणा सोडते. मी दप्तर टाकलं आणि तडतड सुरू केली. की हा अन्याय आहे, की तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, की तुम्हाला माहीत होतं ना उत्तर बरोबर आहे म्हणून.

"मला मिळाली की उत्तरांची प्रत. रविवारी संध्याकाळीच वाचली."

"मग?"

"मी आज्ञापालनाची शपथ घेतलीय, मिल्ला. तू घेतलीयेस का?"

"नाही."

"मग ते पाणी बदल. कडू झालंय."

मी पाणी बदललं. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

"लोकांना वाटतं, पवित्र आत्मा पोपच्या कानात उत्तरं सांगतो. परीक्षेत मागच्या बाकावरचा सांगतो तशी. तसं काही नसतं. तो नुसता मागे उभा असतो. पोप सगळ्या ख्रिस्तसभेसाठी, श्रद्धेबद्दल, कायमचं असं काही सांगायला निघाले आणि पाय वाकडा पडायला लागला, तर मागून झगा धरतो. एवढंच त्याचं काम. नंतर झगा सोडतो, आणि पोप जेवायला जाऊन मिठाऐवजी साखर घालून घ्यायला मोकळे."

"मोन्सिन्योरांचा झगा कोण धरतं?"

"त्यांना चालत नाही कुणी धरलेला. नवीन शिवलाय."

एवढं बोलून त्यांनी भाजी निथळायला ठेवली, पण बोटं पुसता पुसता थांबल्या. "तिकडे खोलीला रंग देतायत म्हणे माझ्यासाठी," म्हणाल्या. "फिकट पिवळा." त्यानंतर बराच वेळ त्या एकच बोट पुसत राहिल्या. मला ते अजिबात आवडलं नाही.

तेव्हा मी प्रबंध काढला. तीन दिवसांत वाचला. पोपच्या न चुकण्याबद्दलच्या ठरावाचं मतदान अठराशे सत्तरच्या जुलैत कसं झालं, बाहेर वादळ कसं होतं, आत इतका अंधार झाला की वाचायला मेणबत्ती कशी आणावी लागली, हे सगळं मोन्सिन्योरांनी फार छान लिहिलंय. खरंच छान. पान दोनशे सहावर त्यांनी असंही लिहिलंय की जो माणूस स्वतःच्या चुकण्याला मर्यादा घालू पाहतो त्याला पोपच्या न चुकण्याच्या मर्यादा कळलेल्या नसतात. मी तिथे खूण म्हणून बसचं तिकीट घातलं.

आई दुकानात जपमाळांचा गुंता सोडवत होती. आमचं दुकान बोर्गो पिओ या गल्लीत आहे. जपमाळा, पदकं, आणि फ्रिजला चिकटणारे सगळे पोप, आधीचे खालच्या कप्प्यात.

"कुठे निघालीस ते बाड घेऊन?"

"मोन्सिन्योरांकडे."

"भांडायला?"

"त्यांचंच पुस्तक वाचून दाखवायला."

"हे भांडणापेक्षा वाईट आहे," आई म्हणाली. "केस तरी बांधून जा."

मोन्सिन्योरांच्या कार्यालयात मला बसायला सांगितलं गेलं नाही, म्हणून मी बसले. एक वर्षापूर्वी मी अशी बसले नसते. एक वर्षापूर्वी मी वर्गात नाव पुकारल्यावर 'हजर'सुद्धा हळू म्हणायचे. पण अकरा जॅकेटं सांभाळलेल्या माणसाला कशाची भीती वाटत नाही.

"मोन्सिन्योर, पोप न चुकण्यासाठी कायकाय लागतं?"

ते खूश झाले. त्यांना कुणी हे विचारतच नाही. "एक, ते साऱ्या ख्रिस्ती जनांचे मेंढपाळ आणि गुरू म्हणून बोलत असले पाहिजेत. दोन, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे. तीन, ते साऱ्या ख्रिस्तसभेने मानावं म्हणून निर्णायकपणे घोषित करत असले पाहिजेत. यालाच आपण संत पेत्राच्या आसनावरून बोलणं म्हणतो."

"आणि तुमची उत्तरतालिका?"

चेहऱ्यावरची खुशी तिथल्या तिथे वाळली.

"ती चौतीस मुलांसाठी होती," मी म्हटलं. "साऱ्या ख्रिस्तसभेसाठी नव्हती. आणि तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. म्हणजे तुमच्या स्वतःच्या प्रबंधाप्रमाणे तुम्हाला चुकायची पूर्ण मुभा आहे. मी तुम्हाला अडवायला आले नाहीये, मोन्सिन्योर. मी ही सवलत घेऊन आलेय."

"सिन्योरीना, प्रश्न एका फुलीचा नाही. मी म्हटलं चौदावं चुकलं, तर उद्या पालक विसाव्यावर शंका घेतील."

"विसावं बरोबर आहे."

"तेच म्हणतोय मी. बरोबर असलेल्यावरही शंका घेतील."

"मग चौदावा प्रश्न नुसता रद्द करा."

त्यांनी लगेच मनात हिशेब केला. मी तो आधीच केला होता. प्रश्न रद्द केला तरी आम्हीच पहिले येत होतो. "निकाल जाहीर झालाय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी प्रश्न अधिक स्पष्ट करू."

"पुढच्या वर्षी सिस्टर व्हितेर्बोला असतील."

"तिथली हवा..."

"अठराशे सत्तर साली दोन बिशपांनी विरोधात मत दिलं होतं," मी पान उघडलं. "ठराव मंजूर होताच दोघं उठले आणि म्हणाले, आता मी मानतो. किती वेळ लागला त्यांना, मोन्सिन्योर? तुम्हीच लिहिलंय."

"काही मिनिटं."

"तुम्हाला आज पाचवा दिवस आहे."

यावर त्यांनी मला दार दाखवलं. फार सभ्यपणे दाखवलं. दार उघडून धरलं, माझा स्कार्फ दिला, आणि आठ तारखेच्या दहाच्या उपासनेत, मिस्सेत, श्रद्धावंतांच्या विनंत्या वाचायची पाळी तुझी आहे ना, चारही विनंत्या मी तपासून सही करून ठेवल्यात, त्या तेवढ्या नीट वाच, असं बजावलं. मला आठवणसुद्धा नव्हती. आठवण त्यांनी करून दिली, ही माझी चूक धरू नये.

आठ डिसेंबरच्या सकाळी चर्च भरलं होतं. पहिल्या बाकांवर तिन्ही गटांची मुलं, त्यांच्या मागे पालक, एका कडेला सिस्टर. आणि मला वाटत होतं, आता मोन्सिन्योर काय करणार? सण निष्कलंक गर्भसंभवाचा, प्रवचन त्यांचं. सण कशाचा हे खरं सांगितलं तर स्वतःच्या उत्तरतालिकेला स्वतःच फुली मारणार. खोटं सांगितलं तर पोपनी श्रद्धासत्य म्हणून सांगितलेल्या गोष्टीच्या विरुद्ध बोलणार, तेही वेदीवरून, तेही पोपच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर.

मोन्सिन्योर अग्निशमन दलावर बोलले.

चौदा मिनिटं. रोममधल्या स्पेन चौकातल्या खांबावर मारियेचा पुतळा आहे, तिच्या हातात दर वर्षी या सकाळी जवान शिडीवर चढून फुलांचं कडं घालतात. शिडी किती उंच, जवान किती शूर, खालून शिडी धरणाऱ्याचं महत्त्व किती, आपणही जीवनात कुणाची तरी शिडी कशी धरावी. निष्कलंक हा शब्द एकदाच आला, दलाच्या सेवेच्या इतिहासाबद्दल. दोत्तोर मांचिनेल्लींनी मान डोलावली. सिस्टर जमिनीकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या हसतायत की रडतायत ते मला माझ्या जागेवरून दिसेना, आणि ते न दिसल्यामुळेच मी पुढचं केलं.

मी वाचनपीठावर गेले. पहिली विनंती ख्रिस्तसभेसाठी. 'म्हणून प्रभूकडे मागूया,' मी म्हटलं आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, 'हे प्रभू, आमची विनंती ऐक.' दुसरी राज्यकर्त्यांसाठी. हे प्रभू, आमची विनंती ऐक. तिसरी आजाऱ्यांसाठी, चौथी मृतांसाठी. विनंत्यांच्या वेळी कुणी ऐकत नसतं. पावसासाठी मागा, भूकंपग्रस्तांसाठी मागा, 'मागूया' शब्द आला की लोकांची तोंडं आपोआप उघडतात. आया मुलांची नाकं पुसता पुसता म्हणतात.

चौथी झाली. मी कागद उलटा केला. मागे काही नव्हतं.

"आपल्या पोपसाठी," मी त्याच संथ आवाजात म्हटलं, "जे साऱ्या ख्रिस्तसभेला श्रद्धासत्य घोषित करताना चुकण्यापासून राखले जातात. आणि आपल्या मोन्सिन्योर एलिजिओंसाठी, जे राखले जात नाहीत. स्पर्धेतल्या चौदाव्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करायचं धैर्य त्यांना मिळावं, म्हणून प्रभूकडे मागूया."

"हे प्रभू, आमची विनंती ऐक," तीनशे माणसं म्हणाली.

आणि त्यात सगळ्यांत ठसठशीत आवाज, छातीला अडकवलेल्या माइकमधून, मोन्सिन्योरांचा. तीस वर्षांची सवय. शेवटच्या शब्दावर त्यांचे डोळे मोठे झाले, पण तोंडाने विनंती पूर्ण केलीच.

मग कुजबुज सुरू झाली.

"चौदावा कुठला?"

"निष्कलंक गर्भसंभवाचा."

"मग त्यात काय चुकलं? येशूचाच ना?"

"अहो, मग नाताळ पुढच्या सप्टेंबरात ठेवायचा का?"

"थांबा, थांबा. मग आज कुणाचा?"

बाकावरून बाकावर हिशेब पसरत गेला. लोक बोटं मोजत होते. दोत्तोर मांचिनेल्लींनी दोनदा मोजली आणि मग हात कोटाच्या खिशात घातले.

मिस्सा संपताना सूचना असतात. जुने कपडे गुरुवारी, जपमाळेची प्रार्थना शुक्रवारी. मोन्सिन्योरांनी घसा साफ केला. "आणि एक किरकोळ दुरुस्ती. पॅरिशच्या फोटोकॉपी मशीनमधल्या दोषामुळे चौदाव्या प्रश्नाच्या उत्तराची फुली एक चौकोन खाली छापली गेली. बरोबर उत्तर 'अ'. निकाल पुन्हा लावला जाईल. यंदा कुणालाही विश्रांतीची गरज नाही."

म्हणजे शेवटी पोप चुकले नाहीत, मोन्सिन्योर चुकले नाहीत, मशीन चुकलं. बिचाऱ्याला आत्मा नाही म्हणून बरं, नाहीतर पाप फेडायला शुद्धिस्थानात गेलं असतं.

मला वाटलं, सिस्टर मला मिठी मारतील. त्यांनी मला वेदीमागच्या खोलीत नेऊन तोच कान धरला.

"प्रार्थना काय गोफण आहे?"

"पण सिस्टर, तुम्हाला जावं लागलं असतं."

"गेले असते. देवाशी बोलायच्या जागेवरून माणसाला दगड मारायचा नाही. शनिवारी कन्फेशनला जायचं. आणि त्यांच्याकडेच जायचं."

"दोन्ही कान दुखतायत, सिस्टर, एकच धरा."

"एकच धरलाय. दुसरा लाजेने दुखतोय."

शनिवारी जॅकेटं परत केल्यावर मी कन्फेशनच्या लाकडी खोक्यात गुडघे टेकले. जाळीपलीकडे मोन्सिन्योरांचा श्वास ऐकू येत होता. मी आहे हे त्यांना पहिल्या शब्दाला कळलं.

"मी प्रार्थना गोफणीसारखी वापरली, फादर."

"किती वेळा?"

"एकदा."

"पश्चात्ताप होतो?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "वापरल्याचा होतो. नेम बरोबर लागला त्याचा अजून होत नाहीये. प्रयत्न करतेय."

पलीकडे कपड्यांची सळसळ, आणि एक फार बारीक आवाज, प्रवचनात कधी न ऐकलेला.

"मशीन ठीक होतं."

मी जाळीच्या आणखी जवळ सरकले.

"मला त्या दिवशी हॉलमध्येच कळलं होतं," ते म्हणाले. "तू सांगितल्यावर लगेच. पेन हातात होतं."

"मौनाचं बंधन तुमच्यावर असतं, फादर," मी म्हटलं. "इथे ऐकलेलं बाहेर सांगायला मला बंदी नाही. सिस्टरांनी शिकवलंय."

"मला माहीत आहे," मोन्सिन्योर म्हणाले. "म्हणून तर सांगितलं."

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला तीन 'नमो मारिया' म्हणायला दिले, आणि चौतीसच्या चौतीस पेपर पुन्हा तपासायला लावले. मी ते मठाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासले. सिस्टर समोर बसून प्रत्येक पेपर माझ्यानंतर तपासत होत्या, कारण त्यांच्या मते मोन्सिन्योर चुकू शकतात तर मीही चुकू शकते. आम्ही पहिले आलो. अठरा पूर्णांक तीन.

सिस्टरांनी यादी डोळ्यांजवळ धरून वाचली. "निव्हेसने नववा चुकवलाय," त्या म्हणाल्या. "दहा आज्ञा अकरा झाल्यात तिच्या. शनिवारी परत पहिल्यापासून घ्यावं लागेल."

तेवढ्यात फोन वाजला. व्हितेर्बोच्या मदर सुपीरियर होत्या, आवाज मलाही ऐकू येत होता. विश्रांती रद्द झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांना आनंद झाला होता, पण खोलीचा रंग कालच वाळला होता आणि पलंगही आला होता, तर आता त्या खोलीचं काय करायचं, असं त्या विचारत होत्या.

"कुणीतरी म्हातारी बघा," सिस्टर ऑर्तेन्सिया म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून भुवईने खुणावलं की बाविसावा पेपर पाकिटात घालायचा राहिलाय.